नाव ठेवताना

लीड्सच्या हॉस्पिटलमध्ये मुलगा झाला, तेव्हा नाझनीनने नाव ठरवूनच टाकलं होतं : उमर. तिचे अब्बा रत्नागिरीला वारले, तेव्हा व्हिसाच्या घोळात तिला त्यांचं शेवटचं तोंडही पाहता आलं नव्हतं. त्यांचंच हे नाव.

मोहसिन खाली मान घालून म्हणाला, "नाझ, आम्हा शियांच्या घरात हे नाव ठेवत नाहीत."

पैगंबरांनंतर वारसा कोणाचा, अलींचा की आधी खलिफा झालेल्या अबू बकर आणि उमर यांचा, हा विषय घरात काढायचा नाही, असं दोघांचं लग्नाआधीच ठरलं होतं.

"मी खलिफाचं नाही, माझ्या बापाचं नाव ठेवतेय," नाझनीन म्हणाली आणि रडू लागली.

मोहसिनने पुण्याला आईला व्हिडिओ कॉल लावला. अम्मींनी सगळं ऐकून घेतलं.

"ठेवा," त्या शेवटी म्हणाल्या. "पोरीचा बाप गेलाय."

नाझनीनने डोळे पुसले, बाळाला कॅमेऱ्यासमोर धरलं. "अम्मी, पहिली हाक तुम्ही मारा ना."

अम्मींचे ओठ हलले, थांबले.

"बाळा," त्या म्हणाल्या.

आता तो शाळेत जातो. अम्मी दर रविवारी न चुकता फोन करतात, त्याच्याशी तासभर बोलतात, आणि अजूनही त्याला बाळाच म्हणतात.