नव्वदच्या खाली

मैदानाची दुसरी फेरी अर्धी झाली आणि विनीता कुंपणाची जाळी धरून उभी राहिली. बरगडीखाली चमक भरली होती. मांड्या एकमेकींवर घासून सोलवटल्या होत्या. नवे बूट टाचेला चावत होते, आणि वाकून नाडी सैल करावी तर पोट मधे येत होतं.

बाकावर तिच्या गल्लीतली केवळाबाई बसली होती. शेजारणीला म्हणाली, पण विनीताला ऐकू जाईल असं.

"लातुरात अंघोळीला पाणी न्हाई, अन् ही बया घाम गाळून राहिली."

दम असता तर विनीतानं तिथंच हिशेब चुकता केला असता. ती जाळी सोडून चालायला लागली. तिचा खरा राग केवळाबाईवर नव्हताच.

हैदराबादच्या दवाखान्यात तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. तिची किडनी तिच्या वडिलांना, शरदचंद्रांना, चालणार होती. अडचण एकच होती. एवढ्या जाड बाईची किडनी काढणं धोक्याचं, डॉक्टर म्हणाले, आधी वजन नव्वदच्या खाली आणा. शरदचंद्रांचं डायलिसिस चालू होतं, पण त्यावर ते फार काळ तग धरणार नव्हते. धाकटा भाऊ अवधूत, त्याला शुगर. आई केव्हाच गेलेली. उरली ही एकटी.

दवाखान्याच्या जिन्यातच अवधूत तिला म्हणाला होता, "खाऊन खाऊन बरी पळवाट काढलीस, ताई. सुटलीस."

तो शब्द तिच्या जिव्हारी लागला. दुसऱ्या दिवशी तिनं बूट आणले.

नरसिंगशी लग्न करून तिला बारा वर्षं झाली होती. नरसिंग बौद्ध, अहमदपूरकडचा, वीज खात्यात नोकरीला. लग्नाच्या दिवसापासून शरदचंद्रांनी लेकीचं नाव टाकलं. आई गेली तेव्हा अवधूतनं तिला फाटकातच अडवलं. आईची तिरडी तिनं समोरच्या दुकानाच्या पायरीवरून पाहिली. आता किडनी हवी झाली, तेव्हा कुठं ते फाटक उघडलं होतं.

त्या उन्हाळ्यात गावाला रेल्वेनं पाणी येत होतं. नरसिंगच्या अंगणातला बोअर मात्र अजून चालू होता. तिकडे आजारी माणूस आहे, म्हणून त्यानं दोन जार स्कूटरवर बांधले आणि सासऱ्यांकडे नेले. तासाभरानं तो भरलेले जार तसेच घेऊन आला.

"टँकर येतो म्हन्ले," एवढंच बोलून तो आत गेला.

विनीता तडक वडिलांकडे गेली. शरदचंद्र आरामखुर्चीत होते. पाय सुजून लाकडासारखे झालेले.

"पाणी का परत पाठवलंत, बाबा?"

"तुमच्या घरचं पाणी मला चालत नाही. हे तुला माहीत आहे."

"आणि किडनी चालते?"

शरदचंद्रांचा जन्म मास्तरकीत गेला होता. मठ्ठ मुलाला समजवावं तशा सुरात ते म्हणाले, "किडनी माझ्या रक्ताची आहे. पाणी त्यांचं आहे."

विनीता तिथून निघून आली. दुसऱ्या दिवशी मैदानावर ती पहिल्यांदा धावली. जेमतेम विजेच्या दोन खांबांमधलं अंतर, पण धावली. संतापानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मग तिनं भात सोडला, साखर सोडली, अर्धापूरची केळी नुसती हुंगून टोपलीत ठेवली. मैदानावरून आल्यावर ओल्या फडक्यानं अंग पुसायची, कारण अंघोळ एक दिवसाआड. नरसिंग सगळं बघत होता. एकदा त्याला राहवलं नाही.

"कशापायी जीव काढून राहिलीस? त्या मानसापायी?"

"मला सुटायचं नाही," विनीता म्हणाली.

त्याला ते कळलं नाही. तरी तिच्या टाचेवरच्या फोडाला त्यानं खोबरेल लावून दिलं.

हळूहळू गावाला खरी गोष्ट समजली. केवळाबाई आता बाकावरून उठून तिच्याबरोबर चालायची. "लेक असावी तर अशी. लई पुण्य हाय तुझं," म्हणायची. टोमणे परवडले, हे कौतुक नको, असं विनीताला होऊन जायचं. ती पावलं उचलायची आणि केवळाबाई मागं पडायची.

श्रावण संपता संपता ती सगळी हैदराबादला गेली. दवाखान्याच्या बाकावर शरदचंद्र शाल पांघरून बसले होते. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"जिद्द माझीच घेतलीये हिनं," ते अवधूतला म्हणाले.

अवधूतनं ताईचे हात धरले. "तेव्हा बोलून गेलो, मनात ठेवू नकोस. तुझे उपकार फिटायचे नाहीत."

विनीतानं हात सोडवून घेतले आणि ती आत गेली.

डॉक्टरीणबाई मूळच्या नांदेडच्या. त्यांनी दार लावून घेतलं, तिला काट्यावर उभं केलं. अठ्ठ्याऐंशी.

"कमाल केलीत हो. आता फक्त एक विचारायचं राहिलं. ते आम्ही एकटीलाच विचारतो. कुणाचा दबाव नाही ना? स्वतःच्या इच्छेनं देताय ना किडनी?"

"नाही," विनीता म्हणाली. "मला द्यायची नाही."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. हे उत्तर त्यांना नवं नसावं. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "घाबरू नका. तुमचं बोलणं बाहेर जाणार नाही. घरच्यांना आम्ही सांगू, वजनामुळे जमत नाही."

"तेवढं सांगू नका," विनीता काट्यावरून उतरत म्हणाली. "ते कारण उरू नये म्हणून तर एवढी चालले. नाही मी म्हणतेय, आणि ते बाहेर मीच सांगणार आहे."