नऊ बोटांची लादी

“हळू, येसाक्का. भुसा सांडू नको,” नागू म्हणाला. “त्याच्यावरच सगळं हाय.”

येसूने हात आखडता घेतला. कॅसलरॉक स्टेशनच्या मालधक्क्यामागची ही पत्र्याची शेड तिच्या ओळखीची होती. आत दिवसाही कंदील लागे. बर्फाच्या चार लाद्या, त्यांवर गोणपाट, गोणपाटावर तिचा बा. गळ्यापर्यंत लाकडाचा भुसा. चेहरा तेवढा उघडा ठेवला होता, तिच्यासाठी.

तिच्या बाने, झिलूने, हयात या शेडमध्ये काढली. मधे काही वर्षं गोव्याची गाडी बंद होती, तेवढीच सुटका. घाट चढून गाडी आली की मासळीच्या पाट्यांवर नवा बर्फ घालायचा आणि उरलेला भुशात पुरून ठेवायचा, हे त्याचं काम. भुशातला बर्फ का वितळत नाही, असं येसूने लहानपणी त्याला विचारलं होतं. “मळका हाय म्हणून,” तो म्हणाला होता. “धुऊन ठेवलास की गेला.”

पुढे ती शिष्यवृत्तीवर शिकत बेळगाव, पुणं करत दक्षिणेतल्या एका वेधशाळेत पोचली. धूमकेतू हा धूळ मिसळलेला बर्फाचा गोळा. सूर्याजवळून जाताना वरची धूळच आतला बर्फ राखते. ती किती राखते, बर्फ दिवसाला किती झिजतो, हे गणित मांडण्यात तिची सात वर्षं गेली. प्रबंधात तिने पाच प्राध्यापकांचे आभार मानले. या शेडचं नाव घ्यायचा धीर तिला झाला नाही.

ते गणित खरं की खोटं, हे ठरवणारा धूमकेतू या ऑक्टोबरात आला होता. रविवार, सोमवार, मंगळवार, अशा तीन पहाटे तो नीट मापता येणार होता. मग तो दूर जाणार आणि तिच्या आयुष्यात पुन्हा येणार नव्हता. तिने हे बाला पत्रातून कळवलं होतं. मंगळवारी सकाळी तिला तार मिळाली: बा आज पहाटे गेला. ती तशीच निघाली आणि बुधवारी दुपारच्या गाडीने उतरली.

बाहेर तिरडी बांधून माणसं बसली होती. कुणीतरी खोकलं. कुणीतरी म्हणालं, “बघू दे की रे पोरीला. तुझी काय गाडी चुकतीया?”

येसू गुडघ्यांवर बसली. बाच्या कपाळावर हात ठेवला. मग तोच हात, तिने न ठरवता, गोणपाटाच्या कडेवरून खाली गेला आणि लादीची जाडी बोटांनी मोजू लागला. तिने कंदील जवळ ओढला. पुन्हा मोजलं.

“नागू, लाद्या बदलल्या होत्यास?”

“कशाला बदलू?” नागूला ते लागलं. झिलूच्या हाताखाली काम शिकून तो आता स्वतः चार लेकरांचा बाप झाला होता. “ठेवल्या त्याच हायत. भुसा दाबलाय कसा, बघ की! तुझ्या बानंच शिकवलंय.”

येसूने मनात हिशेब मांडला. ताजी लादी नऊ बोटांची. या शेडमध्ये, एवढ्या भुशाखाली, ती दिवसाला दोन बोटं झिजते. समोर दोन बोटं उरली होती. सात बोटं गेली. साडेतीन दिवस.

“बा काल गेला नाही,” ती म्हणाली. “शनिवारी रात्री गेला. होय ना, आत्ती?”

नागूने पत्र्याकडे पाहिलं. दाराशी झिलूची विधवा बहीण फुला बसली होती. तिने पदर तोंडाला लावला.

“व्हय,” ती म्हणाली.

“आणि मला तार मंगळवारी केलीत? मी रविवारी निघाले असते! ठरवणारे तुम्ही कोण?”

“आमी कोण ठरवणार, बाय? त्यानंच ठरवलं.” फुलाचा आवाज बसला होता. “तुजं पत्र तारबाबूकडनं चारदा वाचून घेतलं. शनिवारी श्वास लागला तेव्हा म्हटलं, आण्णा, पोरीला बोलवू या. तर माझ्यावरच डाफरला. म्हणाला, ते शेंडेनक्षत्र मंगळवारनंतर जातंय. मी मेल्यावर कुठं पळून जातोय? बर्फ हाय, भुसा हाय, नागू हाय. हयातभर दुसऱ्याची मासळी राखली, चार दिस मला राखा. मंगळवार उजाडला की तार मारा.”

येसू भिंतीला टेकली.

“लेकरांस्नी चार दिस स्टॉलचे पाव चारलेत, बाय. वस्तीत कुणी चूल पेटवली न्हाई. तारबाबूनं नोकरीची भीती धरली न्हाई, खोटी वेळ घातली. लोक मला म्हणाले, फुले, मढं असं ठेवू नये, पाप लागतंय. मी म्हटलं, लागू दे.” ती थांबली. मग जरा पुढे सरकली. “दिसलं न्हवं तुला? तुजं ते?”

नागूही बघत होता. दाराबाहेरची बोलणी थांबली होती.

“दिसलं,” येसू म्हणाली. “तिन्ही दिवस. चांगलं दिसलं.”

फुला उठली. भावाच्या कानाशी वाकून तिने मोठ्याने सांगितलं, “आण्णा, दिसलं बघ तिला.” मग तिने पदराने त्याच्या भुवयांवरचा भुसा झटकला आणि माणसांना आत बोलावलं.

येसू उठून बाजूला झाली. त्या तिन्ही पहाटे वेधशाळेवर पाऊस कोसळत होता. घुमट उघडलाच नव्हता.