ओवाळलेला तुकडा

टीबीचं एकही औषध लागू पडेना, तेव्हा डॉक्टरांनी मंजिरीला नवी लस टोचली. आता तिचं शरीर टीबीचे जंतू कुठूनही हुडकून काढून त्यांच्यावर तुटून पडत होतं.

बरी झालेली लेक दारात आली तशी फुलाबाईनं भाकरतुकडा ओवाळला. डोळ्यांना पाणी लावायला ती वाकली, आणि मंजिरीचा गळा सुजायला लागला.

सोबतच्या नर्सनं फुलाबाईला मागे ओढलं. "मावशी, म्हणजे तुमच्याही छातीत टीबी झोपलाय. तुमच्या श्वासातला त्याचा कणसुद्धा तिला चालायचा नाही."

"मग मलाही टोचा की!"

"या वयात सोसणार नाही."

मंजिरी धापा टाकत म्हणाली, "आई, जवळ नको गं येऊस."

ओवाळलेला तुकडा घरात ठेवायचा नसतो. फुलाबाई तो घेऊन मागच्या दारानं बाहेर गेली. तुकडा तिनं लांब फेकला आणि बाहेरूनच दार ओढून घेतलं.