जाळीवरची लव

मेकॅनिकने ड्रायरच्या दारातली जाळी उपसली आणि काकांपुढे धरली. तिच्यावर कपड्यांच्या लवेचा बोटभर थर बसला होता.

"हवाच कोंडलीय, मग कपडे वाळतील कसे? दर वेळी ही लव काढून टाकायची, एवढंच काम. त्यासाठी मला कशाला बोलावलंत?"



मेकॅनिकने नखाने थर सोडवला. वरून तो करडा होता, काकांच्या अंगातल्या सदऱ्यासारखा. जाळीला चिकटलेला शेवटचा पापुद्रा मात्र पिवळा निघाला. सगळं तो कचऱ्याच्या डब्यात टाकणार, तेवढ्यात काकांनी हात पुढे केला.

"करडी लव टाका, पिवळी राहू द्या. हिचा गाऊन होता. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तिनेच वाळवला."

मेकॅनिक ओशाळला. हळूच म्हणाला, "जाळी कशी काढायची ते दाखवून ठेवू का, काका? पुढच्या वेळी अडायला नको."

"काढता येते मला," काका म्हणाले. "दोन महिने रोज काढतो आणि तशीच परत बसवतो."