मोकळी खाच

सुपरवायझरने चार्जिंगची गन गाडीत खोचली. आत खट्‌ आवाज झाला, हिरवा दिवा लागला आणि त्याने दोन्ही हात पसरले.

"बघा मॅडम. झाली की नाही सुरू? गाडीत काहीच प्रॉब्लेम नाही."

हे वाक्य ती महिन्याभरात चौथ्यांदा ऐकत होती. वर्कशॉपमध्ये आली की गाडी गुणी बाळासारखी चार्ज व्हायची आणि बाहेर पडली की हिचे नखरे सुरू. बाजारातल्या जुन्या चार्जरवर व्हायची, पेट्रोल पंपावरच्या नव्याकोऱ्या चार्जरवर नाही. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये तर नावच नको. गन लावली की दोन-तीनदा खटखट व्हायचं आणि पडद्यावर लाल अक्षरं यायची.

"मग पंपावर का होत नाही?" तिने विचारलं.

"तिकडे तुम्ही नीट दाबून लावत नसाल. लेडीजचा जोर जरा कमी पडतो."

तिच्या कपाळाची शीर ताडताड उडायला लागली. आठवड्यातून तीनदा वडिलांना धरून तीन मजले उतरवणाऱ्या बाईला हा माणूस जोर शिकवत होता.

"मंगळवारी सव्वा तास दाबत होते मी पंपावर," ती म्हणाली. "तेवढ्यात बाबांची डायलिसिसची वेळ गेली. बेड दुसऱ्याला दिला. आज दोन वाजताची वेळ आहे आणि गाडीत तिथवर पोचण्याइतकंही चार्जिंग नाही. डॉक्टर म्हणाले, एक खाडा झाला तो झाला, दुसरा झेपायचा नाही. कळतंय का तुम्हाला, मी काय बोलतेय ते?"

बाबा मागच्या सीटवर बसले होते. पाय इतके सुजले होते की चपला घालता आल्या नव्हत्या. चार शब्द बोलले की दम लागायचा, म्हणून सकाळपासून गप्पच होते.

सुपरवायझर शेजारी उभ्या असलेल्या मेकॅनिककडे वळून पुटपुटला, "नाचता येईना, अंगण वाकडं." पुटपुटला, पण तिला ऐकू जाईल असं. काही लोकांना ही कला जन्मजात असते.

गाडीचं मागचं दार उघडलं. बाबा अनवाणीच खाली उतरले. चौतीस वर्षं त्यांनी कारखान्यात फिटर म्हणून काढली होती. गाडीला धरत धरत ते पुढे आले.

"काढा ती गन."

"आजोबा, तुम्ही कशाला त्रास घेता? बसा आत."

"काढा म्हणतो ना."

मेकॅनिकने गन काढून त्यांच्या हातात दिली. बाबांनी ती उलटसुलट केली, वरच्या खाचेवरून अंगठा फिरवला, मग परत एकदा, सावकाश. नंतर वाकून गाडीच्या सॉकेटची कड चाचपली. लेक त्यांचा दंड धरून उभी राहिली.

"ही खाच कानस मारून कुणी घासली?"

सुपरवायझर एकदम मोबाइल बघायला लागला. मेकॅनिकने मान खाली घातली.

"मीच, काका. गाडीतली खिट्टी या खाचेत बसल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नाही. काही गाड्यांची बसायची नाही, मग लाइन लागायची. साहेब म्हणाले, खाच जरा मोकळी करून टाक."

"म्हणजे आता हिच्यात काहीही बसतं." बाबांनी श्वास घेतला. "आणि मागच्या महिन्यात तुम्ही बंपर बदललात, तेव्हा हे सॉकेट तिरकं बसवलंत. खिट्टी सरकली. जुन्या, झिजलेल्या गनमध्ये जाते. नव्या गनमध्ये नाही जात." पुन्हा श्वास. "अंगण खरंच वाकडंय, साहेब."

"चार वेळा!" लेक ओरडली. बाकावर पेपर वाचत बसलेल्या गिऱ्हाइकाने मान वर केली. "चार वेळा गाडी आणली. चारही वेळा हीच गन लावलीत आणि वर मलाच शिकवलंत, कसं दाबायचं ते! लाज नाही वाटत?"

"मॅडम, आवाज चढवू नका. सोमवारी गाडी सोडा, बंपर काढून बघू."

"आणि आज?"

"आज इथेच लावून ठेवा. आमचा चार्जर जरा हळू आहे, पण दीड-दोन तासांत जाण्यापुरती होईल."

एक वाजून गेला होता. हॉस्पिटल चाळीस मिनिटांवर होतं.

"नाहीतर टॅक्सी मागवा," सुपरवायझर म्हणाला.

"सॉकेट तुम्ही वाकडं बसवायचं आणि टॅक्सी मी शोधत बसायची?" तिने आजूबाजूला पाहिलं. शेडच्या सावलीत एक पांढरी गाडी उभी होती, पुसून लख्ख केलेली. "ती कुणाची?"

"ती... माझी." त्याचा हात आपोआप खिशावर गेला. "म्हणजे वर्कशॉपची नाही हं मॅडम. माझी स्वतःची आहे."

"बाप पण माझा स्वतःचा आहे," ती म्हणाली आणि तिने तळहात पुढे केला. "चावी."