तुळशीला पाणी

वनखात्याचे परब मागच्या अंगणात उकिडवे बसून कासवं मोजत होते. दोन कासवं मोजायला असा किती वेळ लागावा? पण परबांनी ती उलटी केली, पोटाकडून पाहिली, पाठीवरच्या पिवळ्या चांदण्यांवरून बोट फिरवलं आणि मगच परवान्याच्या कागदाकडे नजर टाकली.

"नर एक, मादी एक. बरोबर आहे," ते म्हणाले. "गुणाजी, हा परवाना पाळण्याचा आहे, पैदाशीचा नाही. कळतंय ना?"

"हो साहेब."

"लोकांना वाटतं, पिल्लू निघालं तरच गुन्हा. कायद्यात अंडंसुद्धा प्राणीच धरतात. गेल्या महिन्यात चेंबूरला एकाकडे अंडी सापडली. कासवं जप्त झाली आणि तो कोर्टाच्या फेऱ्या मारतोय. कंपनीनेही घरी बसवला."

विक्रोळीच्या कारखान्यात गुणाजी नुकताच कायम झाला होता. त्याची नजर आपोआप अंगणातल्या तुळशीकडे गेली, तशी त्याने ती घाईघाईने मागे ओढली.

तुळशीच्या कुंडीत चार अंडी होती. मादीने ती भिंतीशी घातली होती, पण गुणाजीला ती फेकवेनात, म्हणून त्याने डोकं लढवून ती कुंडीत पुरली. तिथे दिवसभर ऊन, आणि तुळशीची माती उकरायला जातो कोण? शक्कल झकास होती, घोळ एकच होता. जास्त ओल लागली तर अंडी कुजतील म्हणून त्याने बायकोला, सुगंधाला, तुळशीला पाणी घालायची बंदी केली होती. मार्गशीर्षापासून ती बिचारी रोज सकाळी हात जोडायची, कडेकडेने चमचाभर पाणी शिंपडायची आणि नवऱ्याला म्हणायची, "फेकून द्या ती अंडी. माझी तुळस चाललीय." आता चैत्र लागला होता. तुळशीच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या.

परब उठले. बादलीतल्या पाण्याने हात धुतले आणि वळले, तर समोर तुळस.

"वैनी, खयचे तुमी?"

"देवगडचे," दारात उभी असलेली सुगंधा म्हणाली.

"देवगडची मानसां, आणि तुळशीची ही दशा? पाणी घालूक नाय?"

सुगंधाने नवऱ्याकडे पाहिलं. त्या एका नजरेत चार महिन्यांचं भांडण होतं. तोवर परबांनी बूट काढले होते. सरकारी चेहरा गळून पडला आणि आतून गावचा कुणी मामा बाहेर आला. त्यांनी तांब्या बुडवून तुळशीच्या मुळाशी रिता केला. मग दुसरा. मग तिसरा, पुटपुटत, डोळे मिटून.

कालच गुणाजीने कुंडीला कान लावला होता आणि आत खरखर ऐकली होती. अंडं फुटलं तरी पिल्लू मातीतच दम धरून बसतं; वरची माती भिजून मऊ झाली की बाहेर येतं. हे परबांना ठाऊक नव्हतं, एवढेच देवाचे उपकार. आता त्यांनी बूट घालावेत आणि जावं.

"चहा घेतल्याशिवाय जायचं नाही हं," सुगंधा म्हणाली.

गुणाजीला वाटलं, हिचं तोंड शिवून टाकावं. पण कोकणातल्या बाईच्या दारातून माणूस कोरडा जाईल कसा? परब स्टूल ओढून तुळशीशेजारीच टेकले. सुगंधा आत वळणार, इतक्यात तिला कुंडीतली माती हलताना दिसली. गुणाजीलाही दिसली. मातीला बारीक भेग गेली होती.

सुगंधा झटकन खाली बसली आणि तिने भेगेवर तळवा ठेवला.

"चहा तुम्ही ठेवा," ती नवऱ्याला म्हणाली.

परब हसले. "मुंबईक इल्यावर पुरुष चाय करूक लागतत!"

गुणाजीने स्टोव्हला पंप मारला, तोही उलट्या हाताने. सगळं लक्ष दाराबाहेर होतं. परब गावच्या आंब्यांविषयी बोलत होते आणि सुगंधा हो हो करत होती. मध्येच तिचा तळवा किंचित वर उचलला जायचा. ती तो पुन्हा टेकवायची.

"कशी ओल धरल्यान, बघा," परब म्हणाले. "मातयेक हात लावलो की बरा वाटता."

"होय," ती म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता.

परबांनी बशीत ओतून चहा प्यायला, कागदावर 'दोन' लिहून सही ठोकली आणि बूट चढवले. "पुढच्या महिन्यात याच बाजूला यायचंय. तुळस बघून जाईन," असं म्हणून ते गेले.

गुणाजीने पुढच्या दाराची कडी घातली आणि धावत अंगणात आला.

"उचल हात. पिशवीत घालून खाडीकडे सोडून येतो. आत्ताच."

सुगंधा हलली नाही.

"अगं, पुन्हा येणार आहे तो! कागदावर दोन लिहिलंय!"

"माझी तुळस सुकवलीत, ती मग कुणासाठी?" ती म्हणाली.

तिने बोटं जरा फाकवली. दोन बोटांच्या मधून चिखलाने माखलेलं इवलंसं डोकं वर आलं आणि तिथेच थांबलं. दुसऱ्या हाताने तिने पदर ओढून कुंडीवर धरला.