भोक तेवढं राहू द्या

"भोक तेवढं राहू द्या," कर्नल हॉल्डन म्हणाले आणि त्यांनी आपला कोट थर्झा कोल्बीच्या पुढ्यात टाकला. "कॉलर शिवा, अस्तर शिवा. पण बाहीवर गोळीचं भोक आहे ना, त्याला हात लावायचा नाही. दुपारी फोटो काढायचाय."

थर्झाने कोट जवळ ओढला. चर्चच्या तळघरात टेबलाभोवती बसलेल्या बाकीच्या पाच बायकांनी सुया थांबवल्या नाहीत. महिनाभर गावात कोणाच्या नजरेला नजर द्यायची त्यांची हिंमत नव्हती.

त्यांचं शिवणकाम पोरांच्या जिवावर उठलं, असं गाव म्हणत होतं. अमेरिकेतून दक्षिणेची राज्यं फुटून निघाली आणि एप्रिलमध्ये युद्धाला तोंड लागलं, तेव्हा गावच्या पलटणीचे कोट याच बायकांनी शिवले होते. राखाडी कापडाचे. कापड निवडलं होतं कर्नलसाहेबांनी आणि आलं होतं त्यांच्या मेहुण्याच्या गिरणीतून, पण ते आता कोणाला आठवत नव्हतं. गावाची आठवण अशी सोयीची असते. समोरचे दक्षिणवालेही राखाडीच घालून येणार, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. जुलैत पहिली लढाई झाली. टेकडीवरच्या आपल्याच तोफांनी राखाडी कोट पाहिले आणि शत्रू समजून भडिमार केला. आपल्याच गोळ्यांनी सदतीस पोरं गेली.

त्यांत थर्झाचा आसा होता. त्याचा कोट तिने स्वतः बेतला होता. पोरगं अजून भरेल म्हणून खांदे जरा सैल ठेवले होते. आपणच त्याला शत्रूचं सोंग देऊन पाठवलं, आपणच मारलं, हा विचार तिला घास गिळू देत नव्हता.

आणि कर्नलसाहेब? त्यांना बढती मिळत होती. गेल्या रविवारी गावाने त्यांना तलवार भेट दिली. साहेब भाषणात म्हणाले, की झाली चूक झाली, गावच्या भगिनींना आपण मोठ्या मनाने माफ केलं आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. पाठच्या बाकांवर बसलेल्या या बायकांनीही टाळ्या वाजवल्या. काय करणार? माफी मिळाली होती.

थर्झाने कोट उलटा केला. कापड भारी होतं, टाके शहरातल्या शिंप्याचे. बढतीसाठी नवा शिवून फोटोपुरतं भोक पाडलेलं दिसतं, असं तिला वाटलं. पण अस्तर घामाने कडक झालं होतं आणि बाहीला आतून वाळलेल्या रक्ताचा डाग होता. तिने पुन्हा कोट सुलटा केला. तो निळा होता.

"साहेब, ही गोळी त्याच दिवशीची?"

"मग कधीची? लढाई एकच तर झालीय आपली."

"म्हणजे त्या दिवशी तुमच्या अंगात निळा होता."

साहेबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. लढाईच्या नऊ दिवस आधी वरून हुकूम आला होता, त्यांनी सांगितलं. शत्रू राखाडी घालतो, तेव्हा आपल्यात कोणीही राखाडी घालू नये, सगळ्यांनी निळं घालावं. त्यांच्या शिंप्याने चार दिवसांत कोट रेल्वेने पाठवला. सगळं कसं रीतसर झालं होतं.

"आणि पोरांचं काय?" थर्झाने विचारलं.

नऊशे कोट नऊ दिवसांत आणायचे कुठून, साहेब म्हणाले. फौजेतल्या गोष्टी बायकांना काय कळणार, असा त्यांचा सूर होता.

केझाया टटल सत्तरीची होती आणि साहेबांना लंगोटात असल्यापासून ओळखत होती. तिने सुई कापडात टोचून ठेवली. "कोट राहिले बाजूला, रूफस," ती म्हणाली. "दंडाला एकेक निळी चिंधी बांधायची होतीस. नाहीतर वर कळवायचं होतंस, की माझी पोरं अजून राखाडीतच आहेत. कागद नव्हता तुझ्याकडे?"

साहेब वैतागले.

"कळवलं असतं तर आमची पलटण मागे ठेवली असती, पावाच्या पेट्या राखायला. सगळे म्हणत होते, एका लढाईत निकाल लागणार, दुसरी व्हायचीच नाही. ती एक हुकली असती, तर माझ्याकडे काय राहिलं असतं?"

"सदतीस पोरं," थर्झा म्हणाली.